सैतान कोण होता? बंडखोर की जुलमी?

माझी एक आत्या ख्रिस्ती घरात दिली होती. त्या काळच्या अहमदनगर जिल्ह्यात (आज तो अहिल्यानगर झाला आहे) मिशनच्या कामामुळे महार-मांगांची पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती झाली होती. आमच्या घराने मात्र १९५६ नंतर बुद्धाचा मार्ग धरला. एकाच रक्ताची माणसे दोन धर्मांत वाटली गेली, पण येणे-जाणे तुटले नाही. उन्हाळ्याच्या सुटीत मी आत्याकडे राहायला जात असे.

तिच्या घरात भिंतीवर एक रंगीत चित्र लावलेले होते. गोरापान, सोनेरी केसांचा देवदूत हातात भाला घेऊन उभा आहे आणि त्याच्या पायाखाली एक काळाकुट्ट देह पडलेला आहे. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. मी आत्याला विचारले, "आत्या, हा खाली पडलेला कोण गं? आपल्या तात्यांसारखा दिसतोय." आत्याने झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, "गप. त्यो सैतान हाय. त्यानं देवाचं ऐकलं न्हाई."

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. धर्मांतरानंतर त्यांनी गावची मेलेली ढोरे ओढायला नकार दिला होता. गावाने त्यांचे दळण, दुकान, पाणी सारे बंद केले होते. म्हणजे तात्यांनीही ऐकले नव्हते. आमच्या घरात त्याबद्दल त्यांना मान होता. मग ज्याने ऐकले नाही तो एका घरात मानाचा आणि दुसऱ्या घरात पायाखालचा, हे कसे, याचा उलगडा मला तेव्हा झाला नाही. पुढे मी इतिहासाचा मास्तर झालो. आज सत्तरी ओलांडल्यावरही तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. सैतान हा जन्मतः कोण होता? त्याच्यावर बंडखोरीचा आरोप कोणी ठेवला, कधी ठेवला आणि का ठेवला? दुष्टता जगात कोठून आली, या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्यांनी ते उत्तर कोणाच्या बाजूने दिले? या लेखात मी हे तपासणार आहे. मी ख्रिस्ती नाही. त्यामुळे श्रद्धेचा अधिक्षेप करण्याचा माझा हेतू नाही, आणि श्रद्धेचे ओझेही माझ्यावर नाही.

१

पहिली गोष्ट ही की, बायबलच्या जुन्या करारात आपण समजतो तसा सैतान जवळजवळ नाहीच. 'सातान' हा हिब्रू भाषेतला साधा शब्द आहे. त्याचा अर्थ आडवा येणारा, विरोधक, आरोप ठेवणारा. गणनाच्या पुस्तकात बलामाची वाट अडवून जो उभा राहतो तो देवाचाच दूत आहे, आणि त्याच्यासाठी हाच शब्द योजला आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात दावीद लढाईत आपल्यावर उलटेल, आपला 'सातान' होईल, अशी भीती पलिष्टी सरदार व्यक्त करतात. म्हणजे माणसालाही हा शब्द चालत होता.

ईयोबाच्या पुस्तकात सातान येतो तो देवाच्या दरबारात. तो पृथ्वीवर हिंडून येतो, माणसांची बातमी आणतो आणि ईयोबाच्या सचोटीबद्दल संशय घेतो. इराणी बादशहाचे हेर राज्यभर फिरत, त्यांची छाया या वर्णनावर पडली असावी असे काही अभ्यासकांना वाटते. येथे हा सातान देवाचा शत्रू नाही, त्याचा चाकर आहे. देवाने परवानगी दिली तेवढाच तो हात उचलतो.

आणखी एक ठिकाण फार बोलके आहे. दावीद राजाने प्रजेची शिरगणती केली आणि त्यामुळे देशावर मरी आली, ही कथा बायबलात दोनदा आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, दावीदाला या कामाला देवानेच प्रवृत्त केले असे सांगितले आहे. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात, जे पुष्कळ नंतर लिहिले गेले, तेथे देवाच्या जागी सातान आला आहे. घटना तीच, राजा तोच, मेलेली प्रजाही तीच. बदलला तो आरोपी. देवाच्या हातून वाईट घडते हे मान्य करणे दरम्यानच्या काळात लोकांना जड जाऊ लागले होते.

हा दरम्यानचा काळ कसा होता? इ. स. पू. ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले आणि यहुदी लोकांना धरून नेले. इ. स. पू. ५३९ मध्ये इराणच्या कुरुशाने बाबेल जिंकले. त्यानंतर दोनशे वर्षे यहुदी समाज इराणी सत्तेखाली राहिला. इराणी धर्मात अहुर मज्द आणि अंग्र मैन्यू यांचा सनातन झगडा आहे. त्याचा यहुदी विचारावर किती परिणाम झाला याबद्दल मतभेद आहेत, पण वाइटासाठी एक स्वतंत्र धनी असू शकतो ही कल्पना त्या हवेत होती. जाता जाता एक नोंदवतो. इराणमध्ये 'दएव' म्हणजे दुष्ट शक्ती आणि 'अहुर' म्हणजे ईश्वर. आपल्याकडे देव पूज्य आणि असुर दुष्ट. शब्द एकाच कुळातले, पण एकाचा देव तो दुसऱ्याचा दैत्य. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त राक्षस म्हणजे मुळात रक्षण करणारे, असा जो अर्थ लावला, त्याची आठवण येथे झाल्याशिवाय राहत नाही. व्युत्पत्ती कोणाला पटो न पटो, हरलेल्यांची दैवते जिंकणाऱ्यांच्या पुराणात दैत्य होतात हा त्यांचा सिद्धांत आमच्या देशापुरता खरा नाही. बायबलातला भुतांचा सरदार बालजबूल हा मुळात एक्रोन या पलिष्टी शहराचा देव होता.

२

आता सैतानाच्या जन्मकथेकडे येऊ. येशूच्या काळाच्या आगेमागे अशी एक कथा नव्हती, निदान तीन होत्या. तिन्हींमध्ये पाप कोणाचे आणि कोणते, हे वेगवेगळे आहे.

पहिली कथा हनोखाच्या पुस्तकातली. तिचा मुख्य भाग इ. स. पू. तिसऱ्या शतकातला मानला जातो. हे पुस्तक पुढे बहुतेक मंडळींनी टाकून दिले. इथिओपियाच्या मंडळीने ते जपले आणि विसाव्या शतकात मृत समुद्राकाठच्या गुहांमध्ये त्याचे अरामी तुकडे सापडले. कथा अशी की, दोनशे देवदूत पृथ्वीवरच्या स्त्रियांचा मोह धरून खाली उतरले. त्यांच्यापासून राक्षसी देहाची संतती झाली. या धिप्पाड संततीने माणसांनी कष्ट करून पिकवलेले सारे खाऊन टाकले. माणसांना त्यांचे पोट भरणे अशक्य झाले तेव्हा त्यांनी माणसेच खायला सुरुवात केली. अजाजेल नावाच्या दूताने तरवारी, सुऱ्या, ढाली कशा कराव्यात हे शिकवले. आणि रक्ताने माखलेल्या जमिनीची हाक वर गेली.

ही कथा मी प्रथम वाचली तेव्हा मला आमचे गाव आठवले. अलेक्झांडरच्या मागे त्याचे सेनापती एकमेकांशी लढत होते, त्यांच्या फौजा पॅलेस्टाइन तुडवत होत्या, त्या अनुभवातून हे चित्र निघाले असावे असे काही संशोधक मानतात. काही असो. या कथेत दुष्टता वरून आली आहे. बलवानांनी दुबळ्यांच्या बायका ओढल्या, त्यांचे धान्य खाल्ले, हत्यारे आणली. खालची माणसे येथे अपराधी नाहीत. ती फिर्यादी आहेत.

दुसरी कथा आदाम आणि हव्वा यांच्या चरित्राच्या नावाने ख्रिस्ती जगात पुष्कळ शतके फिरत होती. देवाने मातीचा आदाम केला आणि दूतांना त्याच्यापुढे नमायला सांगितले. सैतान नमला नाही. मी याच्या आधीचा, मी याच्यापेक्षा श्रेष्ठ, माझ्याहून हलक्या आणि मागाहून आलेल्यापुढे मी का वाकू, असे त्याचे म्हणणे. कुराणातही इब्लीसची कथा अशीच आहे. मी अग्नीचा, हा मातीचा, हा तेथे त्याचा युक्तिवाद आहे. वाचकहो, हा युक्तिवाद आपल्याला अनोळखी आहे काय? अमका मुखातून जन्मला आणि तमका पायातून, ही भाषा ज्यांनी ऐकली आहे त्यांना या सैतानाची जात सांगावी लागणार नाही. या कथेत जगातले पहिले पाप म्हणजे जन्माचा माज.

तिसरी कथा सर्वांना ठाऊक असलेली. सृष्टीच्या आरंभी सर्वांत तेजस्वी दूत लुसिफर देवाच्या सिंहासनाची बरोबरी करू गेला, त्याने बंड केले आणि तो खाली फेकला गेला. ही कथा बायबलात सलग कोठेच नाही. ती जोडून तयार केलेली आहे. तिचा मुख्य तुकडा यशयाच्या चौदाव्या अध्यायातला. तेथे पहाटेच्या ताऱ्याला उद्देशून, तू आकाशातून कसा पडलास, अशा अर्थाचे उद्गार आहेत. हिब्रूत शब्द आहे 'हेलेल', म्हणजे चमकणारा. जेरोमने चौथ्या शतकाच्या अखेरीस लॅटिन बायबल सिद्ध करताना त्यासाठी शुक्रताऱ्याचा लॅटिन शब्द वापरला. तो शब्द 'लुसिफर'. त्यात काही दुष्ट नव्हते. त्याच शतकात सार्डिनियाच्या काग्लियारी शहराचा बिशप लुसिफर या नावाचा होता. बिशपचे हे नाव त्या वेळी कोणाला खटकत नव्हते.

पण यशयाच्या त्या अध्यायात खाली पडणारा हा तारा आहे तरी कोण? तेथे स्पष्ट लिहिले आहे, बाबेलचा राजा. ज्याने राष्ट्रे चिरडली, शहरे ओसाड केली, बंदिवानांना घरी जाऊ दिले नाही, तो राजा मेला आहे आणि त्याच्या काठीखाली पिचलेले लोक त्याला टोमणे मारीत गात आहेत. देवाची बरोबरी करण्याची घमेंड त्याची आहे, आणि त्या घमेंडीचा पुरावा त्याने माणसांवर केलेला जुलूम हा आहे. यहेज्केलाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातही तसेच. तेथे सोर या व्यापारी शहराच्या राजाचे पतन आहे.

तिसऱ्या शतकात ओरिजेन या मोठ्या विद्वानाने हे दोन्ही उतारे घेतले आणि ते माणसाबद्दल नसून सैतानाच्या पतनाबद्दल आहेत असे प्रतिपादन केले. पुढे हाच अर्थ रूढ झाला. याचा परिणाम काय झाला ते नीट पाहा. मूळ गीतात पडणारा हा मालक होता आणि गाणारे गुलाम होते. नव्या अर्थात पडणारा हा चाकर झाला आणि जय मालकाचा झाला. जुलमी राजाच्या पाडावाचे गाणे बंडखोर सेवकाच्या शिक्षेचे गाणे बनले. शब्द फारसे बदलले नाहीत. बाजू बदलली.

३

अर्थात ओरिजेनने हे कोणाला दडपण्यासाठी केले असे मी म्हणणार नाही. त्याच्या स्वतःच्या काळी ख्रिस्ती माणूस सत्तेबाहेर होता. रोमन छळात ओरिजेनचे स्वतःचे हाल झाले. शिवाय शेवटी सर्व सृष्टी देवाकडे परतेल, अशी आशा त्याने व्यक्त केली होती, आणि तीत सैतानालाही वाट राहते, असा आरोप पुढे त्याच्या शिकवणीवर आला. ती शिकवण सहाव्या शतकात निषिद्ध ठरवली गेली.

छळाच्या काळातला ख्रिस्ती सैतान कसा होता हे नव्या करारातच दिसते. लूकच्या शुभवर्तमानात सैतान येशूला जगातली सर्व राज्ये दाखवतो आणि ही सत्ता माझ्या हाती आहे, मला नमलास तर तुला देतो, असे म्हणतो. म्हणजे साम्राज्ये सैतानाच्या ताब्यात आहेत. मार्कच्या शुभवर्तमानात एका माणसाला झपाटलेल्या भुतांना येशू नाव विचारतो, तेव्हा उत्तर येते 'लेगियोन'. हा रोमन पलटणीचा शब्द आहे. प्रकटीकरणाचे पुस्तक पहिल्या शतकाच्या अखेरचे. त्यात अजगर, जुना साप, दियाबल आणि सैतान हे सारे एकच असल्याचे सांगितले आहे, आणि हा अजगर आपले सिंहासन ज्या श्वापदाला देतो ते श्वापद म्हणजे रोमचे राज्य. त्याच पुस्तकात बाबेल या टोपणनावाने रोमच्या व्यापाराची यादी येते. सोने, रुपे, मोती, रेशीम, दारू, तेल, घोडे, रथ, आणि यादीच्या अखेरीस गुलाम, म्हणजे माणसांचे जीव. पिचलेल्या माणसाने सैतान हा शब्द वापरला तेव्हा त्याचे बोट कोणाकडे होते, हे सांगायला ही यादी पुरेशी आहे.

इ. स. ३१३ मध्ये कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस या सम्राटांनी ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली. ३८० मध्ये थिओडोसियसच्या फर्मानाने तो राजधर्म झाला. ज्याला श्वापद म्हटले त्याच राज्याच्या मांडीवर मंडळी बसली. आता सैतानाचे बोट राज्याकडे कसे राहणार?

याच काळातला ऑगस्टीन (३५४–४३०). तरुणपणी सुमारे नऊ वर्षे तो मानीच्या पंथात होता. इराणच्या या मानीची शिकवण अशी की प्रकाश आणि अंधार ही दोन स्वतंत्र, अनादी तत्त्वे आहेत. ऑगस्टीनने ती सोडली आणि उत्तर दिले की दुष्टता ही वस्तूच नाही. अंधार म्हणजे जसा प्रकाशाचा अभाव, तशी दुष्टता म्हणजे चांगुलपणाचा अभाव. देवाने जे केले ते सारे चांगले. मग वाईट आले कोठून? दूतांच्या आणि माणसांच्या इच्छेतून. सैतानाचे पाप मत्सर की गर्व, हा वाद त्याच्या आधीपासून चालत होता. इरेनियससारख्या जुन्या आचार्यांनी माणसाबद्दलच्या मत्सरावर भर दिला होता. ऑगस्टीनने निर्णय दिला की आधी गर्व, मग त्यातून मत्सर. हनोखाची कथाही त्याने बाजूला सारली. १२१५ साली रोममध्ये भरलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेने हा विचार सिद्धांत म्हणून पक्का केला. सैतान आणि इतर दुष्टात्मे देवाने स्वभावतः चांगलेच निर्मिले, ते स्वतःच्या करणीने वाईट झाले, आणि माणसाने सैतानाच्या सांगण्यावरून पाप केले.

ऑगस्टीनला न्याय द्यायचा तर हेही सांगितले पाहिजे की, गर्वाचा अर्थ त्याने केवळ अवज्ञा असा केला नाही. गर्विष्ठ माणसाला बरोबरीच्यांशी समानता सोसत नाही, त्याला त्यांच्यावर हुकूम गाजवायचा असतो, असे त्याने 'देवाच्या नगरी'त लिहिले. रोमच्या सत्तालोभाची त्याने साले काढली. देवाने माणसाला जनावरांवर अधिकार दिला होता, माणसावर नव्हे, असेही तो म्हणतो. येथपर्यंत वाचताना मी सुखावतो. पण त्याच प्रकरणात पुढे तो म्हणतो की, गुलामगिरी ही पापाची शिक्षा आहे. ती देवाच्या न्यायाने आलेली आहे. म्हणून गुलामांनी मालकाची सेवा मनापासून करावी.

येथे गाडा रुळला. गुलामगिरी हे पाप न राहता पापाची शिक्षा झाली. पाप मालकाच्या हातातल्या चाबकातून निघाले आणि गुलामाच्या जन्मात जाऊन बसले. आदामाचे पाप प्रत्येक मूल जन्मतःच घेऊन येते, हा मूळपापाचा सिद्धांत ऑगस्टीननेच घट्ट केला. पेलाजियसच्या अनुयायांनी त्याला विचारले होते की, तान्ह्या मुलाचा अपराध काय? या प्रश्नाला तेव्हाच्या मंडळीने पाखंड ठरवले.

४

दुष्टतेची व्याख्या एकदा वरच्याची अवज्ञा अशी ठरली की, सैतान दिसण्यासाठी फार लांब जावे लागत नाही.

त्याचा रंग आधीच ठरला होता. दुसऱ्या शतकाच्या आसपासच्या, बर्नबाच्या नावावर असलेल्या पत्रात सैतानाला 'काळा' म्हटले आहे. अथनासियसने चौथ्या शतकात लिहिलेल्या संत अँटनीच्या चरित्रात सैतान काळ्या पोराच्या रूपाने येतो. अँटनी इजिप्तचा, आणि त्याच्या दक्षिणेला काळ्या माणसांचा देश होता. आत्याच्या भिंतीवरचे चित्र इतक्या लांबून आले होते.

१५२५ मध्ये जर्मनीतल्या शेतकऱ्यांनी आपल्या बारा मागण्या छापल्या. ख्रिस्ताने आपल्या रक्ताने सर्वांना सोडवले आहे, मग आम्हाला वेठबिगार म्हणून का बाळगता, असा त्यांचा सवाल होता. ज्या लूथरने पोपविरुद्ध बंड केले होते, त्यानेच शेतकऱ्यांचे हे बंड सैतानाचे काम ठरवले आणि सरदारांना त्यांची कत्तल करण्याची मोकळीक दिली. मेलेल्यांचा आकडा एक लाखाच्या घरात गेला असावा असा अंदाज आहे. १४८६ च्या सुमारास चेटकिणी ओळखण्यासाठी क्रेमर नावाच्या धर्मगुरूने एक ग्रंथ छापला. पंधराव्या ते अठराव्या शतकांत युरोपात चेटुकाच्या आरोपावरून चाळीस ते साठ हजार माणसे मारली गेली असे इतिहासकार मानतात. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या.

आपल्या किनाऱ्यावरही हे आले. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले. १५६० मध्ये तेथे इन्क्विझिशन सुरू झाले आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चालले. फादर स्टीफन्सने मराठी ओवीत रचलेले 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले, आणि ते आपल्या भाषेचे भूषण आहे यात शंका नाही. पण भाषेत आणखी एक खूण राहिली. कोकणात आणि गोव्यात देवचार म्हणजे गावाच्या सीमेचा राखणदार. रात्री तो शिवेवर फिरतो आणि वाट चुकलेल्याला घरी आणून सोडतो अशी समजूत आहे. लोक त्याला दारू, रोट, विडी ठेवतात. कोकणी ख्रिस्ती प्रार्थनेत हाच शब्द सैतानासाठी आला. गावाची राखण करणारा देवळाबाहेरचा देव नव्या धर्मात नरकाचा धनी झाला. जोतीरावांचा राक्षस आणि हा देवचार यांनी एकमेकांना सहज ओळखले असते.

५

कोणी म्हणेल, हा दोन हजार वर्षांचा परकीय वाद आम्हाला कशाला? त्याचे उत्तर बाबासाहेबांच्या लेखनात आहे. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर त्यांनी एक निबंध लिहिला होता. तो त्यांच्या पश्चात, १९८९ मध्ये, महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात आला. त्यात ते मूळपापाच्या शिकवणीवर नेमके बोट ठेवतात. माणसाची अधोगती प्रतिकूल परिस्थितीमुळे होते असे समाजशास्त्र सांगते. ख्रिस्ती शिकवण सांगते की ती माणसाच्या पापामुळे झाली. अस्पृश्य ख्रिस्ती झाला की, त्याला आपल्या दुःखाचे कारण समाजात न शोधता स्वतःच्या आत शोधायला शिकवले जाते आणि त्याची लढण्याची उमेद संपते. सामाजिकदृष्ट्या ही शिकवण घातक आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

म्हणजे कर्मसिद्धांत आणि मूळपाप एकच का? नाही. हा फरक प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. मूळपाप सम्राटाला आणि गुलामाला सारखेच चिकटते. त्यात वरचा जन्म पुण्याचा आणि खालचा पापाचा अशी वाटणी नाही. कर्मसिद्धांत पापाची मोजणी जातीप्रमाणे करतो आणि ब्राह्मणाला त्याच्या जन्माबद्दल शाबासकी देतो. तरीही दोन्ही सिद्धांत एका ठिकाणी येऊन मिळतात. दोघेही पीडिताला म्हणतात, आत बघ. चाबूक कोणाच्या हातात आहे ते बघू नकोस.

आत्याच्या कुटुंबाने हे दोन्हीकडून भोगले. बाप्तिस्म्याने पाप धुतले जाते असे सांगितले गेले, पण गावाच्या विहिरीवर ते धुतलेले कोणी मानले नाही. आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. त्यांत १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती राहिले बाहेर. जणू जात आत्म्याला लागलेला डाग होता आणि पाण्याने गेला. जात आत्म्यात नसते. ती जमिनीच्या सातबाऱ्यात, पाणवठ्यावर आणि लग्नाच्या मांडवात असते.

पण बायबलात दुसराही आवाज आहे, आणि तो दडवून मला माझा युक्तिवाद जिंकायचा नाही. ईयोबाचे मित्र त्याला सांगतात की, तू भोगतो आहेस त्याअर्थी तू पाप केले असले पाहिजे. ईयोब अखेरपर्यंत ते कबूल करीत नाही, आणि शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो, ईयोबावर नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात एक जन्मांध भिकारी आहे. येशूचे शिष्य विचारतात की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? हा प्रश्न आमच्या देशात रोज विचारला जातो. येशू म्हणतो, याचेही नाही आणि त्यांचेही नाही. या दोन जागांवर कर्मसिद्धांताची आणि मूळपापाच्या क्रूर वापराची दोन्ही मुळे उपटली जातात. १९६८ मध्ये मेडेलीन येथे जमलेल्या लॅटिन अमेरिकेच्या बिशपांनी अन्यायी व्यवस्था हीच पापाची अवस्था आहे असे म्हटले. १९८१ मध्ये अरविंद निर्मल यांनी बंगळूरच्या ख्रिस्ती धर्मशास्त्र महाविद्यालयात शूद्रांच्या ईश्वरशास्त्राची मांडणी केली, आणि तेथून दलित ईश्वरशास्त्राची वाट निघाली. सैतानाला पुन्हा त्याच्या जुन्या पत्त्यावर, सत्तेच्या सिंहासनावर, शोधण्याचा हा प्रयत्न होता.

आम्ही बौद्धांनीही यातून धडा घ्यावा. मार म्हणजे मनातले कुविचार, असे आपण म्हणतो आणि ते खरे आहे. पण सारे दुःख मनातच आहे असे म्हणून जो केवळ डोळे मिटून बसतो, तो ऑगस्टीनच्या गुलामापासून फार दूर नाही. बाबासाहेबांच्या धम्मात दुःखाचे एक मोठे मूळ माणसा-माणसांतल्या, वर्गा-वर्गांतल्या संबंधांत आहे, हे विसरता कामा नये.

आत्या वारली त्याला पुष्कळ वर्षे झाली. तिच्या शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो होतो. चित्र तेथेच होते, रंग उडालेले. मी तिला यशयाच्या त्या राजाची हकिकत सांगितली. हा खाली पडलेला मूळचा चाकर नव्हता, राजा होता, लोकांना छळत होता, असे म्हणालो. ती बराच वेळ चित्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग त्याला काळा कशापायी रंगवला रं?"

मी इतिहासाचा मास्तर. एवढ्या वाचनानंतर माझ्यापाशी उत्तर होते. पण ते तिला सांगण्याची गरज नव्हती. ते तिला ठाऊक होते.